श्रद्धेचा कस

(संत नरहरी महाराजांच्या पुण्यतिथी उत्सवात माघ वद्य तृतीयेस दिलेले व्याख्यान)



पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी अभिषेक व्हावा, दुपारी कीर्तन व्हावे आणि महाप्रसादापूर्वी कोणा निवृत्त शिक्षकाने चार शब्द बोलावेत, असा आपला प्रघात आहे. आजवर या जागेवरून बोलणाऱ्यांनी महाराजांचे चरित्र सांगितले. मीही तेच सांगण्याची तयारी केली होती. परंतु गेल्या महिन्यात कार्यवाहांनी माझ्या हाती एक अर्ज ठेवला व 'यावर आपले मत द्या' म्हणून सांगितले. ते मत बंद खोलीत देण्यापेक्षा सर्वांसमक्ष द्यावे, असे मला वाटले. अध्यक्षांची अनुज्ञा मी घेतलेली आहे.

अर्ज आजीव सभासदत्वाचा आहे. त्याच्या छापील नमुन्यात, नाव, गाव व व्यवसाय यांच्याखाली, 'माझी ईश्वरावर व संत नरहरी महाराजांवर पूर्ण श्रद्धा आहे' असे एक वाक्य आहे. त्या वाक्याखाली आपण सर्वांनी सह्या केल्या आहेत. मीही केली, आणि खरे सांगायचे तर वाचून केली नाही. या तरुणाने ते वाचले. 'ईश्वरावर' हा शब्द त्याने एका रेघेने खोडला, समासात लिहिले की महाराजांविषयी आदर आहे, ईश्वर आहे असे वाटत नाही, इतर सर्व नियम मान्य आहेत. आणि खाली स्वच्छ अक्षरात सही केली.

यावरून मंडळात दोन पक्ष पडले. खाडाखोड केलेला अर्ज बाद करावा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, मुलगा आपला आहे, त्याच्या वडिलांना सारे ओळखत होते, त्याला दुसरा कोरा अर्ज द्यावा आणि गोडीगुलाबीने सही करून घ्यावी. मला या दुसऱ्या पक्षाचे अधिक भय वाटते. पहिला पक्ष त्या तरुणाच्या शब्दाला निदान किंमत तरी देतो. दुसऱ्याला सही हवी आहे, शब्द नको आहे.

श्रद्धा म्हणजे काय, हा प्रश्न पंडितांचा खरा. तथापि आपली साधी मराठी बोली याबाबतीत पुष्कळ काही सांगून जाते. मत 'असते'. ते बदलले तरी घरात भांडे हालत नाही. विश्वास मात्र आपण 'ठेवतो' किंवा 'टाकतो', जशी कोणापाशी ठेव ठेवावी तसा. भार कोठे तरी टाकतो. अमक्या वैद्यावर माझा विश्वास आहे, असे कोणी म्हणाला, तर तो वैद्य अस्तित्वात आहे याची ग्वाही तो देत नसतो. आपली नाडी आपण त्याच्या हाती दिली आहे, एवढेच तो सांगत असतो. संस्कृतातील 'श्रद्धा' या शब्दाचीही घडण अशीच आहे. 'श्रत्' म्हणजे हृदय अथवा सत्य, आणि 'धा' म्हणजे ठेवणे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिनमधील 'क्रेदो' हा शब्दही याच कुळातला. मग ईश्वराचे नाव निघताच आपला गोंधळ का होतो? 'ईश्वर आहे काय' हा एक प्रश्न झाला. 'मी माझा भार कोठे टाकला आहे' हा अगदी निराळा. पहिल्याचे उत्तर 'आहे' असे देऊन दुसऱ्याच्या वेळी आपला सारा भार तिजोरीवर टाकणारी माणसे मी पाहिली आहेत, आपणही पाहिली असतील.

आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली अशी परंपरा आहे, तो खांब आजही तेथे आहे. गीतेचा सतरावा अध्याय सुरू होतो तो अर्जुनाच्या एका शंकेने: शास्त्रविधी बाजूला ठेवून, पण श्रद्धेने जे भजतात, त्यांची गती कोणती? म्हणजे शास्त्र पाळणे आणि श्रद्धा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या ग्रंथाने गृहीतच धरले आहे. उत्तरात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतला एक तामस आहे. श्रद्धा आहे एवढ्याने माणूस चांगला ठरतो, असे गीताही म्हणत नाही.

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको, अशी म्हण आपल्या पूर्वजांनी हसत ऐकून घेतली. ती खोटी होती असे छाती ठोकून सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. पण माझ्या वडिलांची एक रीत सांगतो. त्यांचे दुकान तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला. एक बागेसरी, एक ऐरण, दोन चिमटे, फुंकणी आणि कसोटीचा काळा दगड, एवढेच भांडवल. खेड्यातल्या बायका मोडीचा डाग घेऊन यायच्या. त्यांतली कोणी परकी असली, तर ती स्वतःच म्हणे, 'माझ्यादेखत कस लावा.' ओळखीची असली तर म्हणे, 'अण्णा, तुमच्यावर माझा भरवसा आहे, कस कशाला लावता?' वडील परकीला कस लावून दाखवीतच. पण ओळखीचीला अंमळ जास्त वेळ बसवून ठेवीत. तिच्यासमोर दगडावर रेघ ओढीत, शेजारी ठरावीक कसाच्या सळईची रेघ ओढीत, तेजाबाचा थेंब सोडीत, आणि हिणाची रेघ कशी विरते ते तिला वाकून पाहायला लावीत. मी एकदा विचारले, 'तिने नको म्हटले होते ना?' ते म्हणाले, 'नको म्हणते म्हणूनच लावायचा.'

हे वाक्य मला लहानपणी कळले नाही. आज डागावर हॉलमार्कची खूण असते, सहा अक्षरांकांचा क्रमांक असतो, आणि तरीही गिऱ्हाईक ओळखीच्याच दुकानाची पायरी चढते. तेव्हा आता थोडे कळते. परीक्षा ही विश्वासाची वैरीण आहे असे आपण समजतो. वडील समजत नव्हते. ज्याने डोळे मिटून ठेव ठेवली, त्याचे डोळे उघडून ती दाखविणे हे ठेव घेणाराचे काम, असा त्यांचा हिशेब होता. आणि ते वारकरी होते. आषाढीची वारी त्यांनी कधी चुकविली नाही.

बौद्ध परंपरेत बुद्धाचे म्हणून सांगितलेले एक वचन आहे. शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहात ते आले आहे. त्याचा आशय असा, की जाणता माणूस सोने जसे तापवून, कापून, कसाला लावून घेतो, तसे माझे बोलणे पारखून घ्या, माझ्याविषयीच्या आदरापोटी घेऊ नका. अडीच हजार वर्षांच्या धर्मपरंपरेने धर्मोपदेश कसा घ्यावा हे सांगण्यासाठी दृष्टान्त निवडला तो आपल्या पेढीवरचा! आपल्या ज्ञातीच्या गौरवाची भाषणे मी पुष्कळ ऐकली. त्यांत या दृष्टान्ताचा उल्लेख ऐकल्याचे मला आठवत नाही.

नरहरी महाराजांची कथा आपणां सर्वांना मुखोद्गत आहे. ती महाराष्ट्रभर पोहोचविणाऱ्यांत मोठा वाटा आपल्याच जिल्ह्यातील एका पुरुषाचा आहे, हे मात्र कित्येकांना ठाऊक नसते. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती. जन्म १७१५, निधन १७९०. त्यांचा भक्तविजय हा ग्रंथ १७६२ सालचा. नरहरी महाराजांच्या काळानंतर चारशेहून अधिक वर्षांनी तो लिहिला गेला, तेव्हा त्यातील तपशील इतिहास म्हणून किती घ्यावा हा विचार ज्याचा त्याने करावा. मला आज कथेतील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे.

पंढरपुरात राहून नरहरी कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे दर्शन घ्यायचे नाही, देवळात पाऊल टाकायचे नाही, हा नेम. सावकाराने मुलगा झाला म्हणून देवाला सोन्याचा करदोटा करण्याचे योजिले. नरहरींनी काम घेतले, पण माप सावकारानेच आणून द्यावे अशी अट घातली. करदोटा घडविला, तो नेमका बसेना. एकदा आखूड झाला, दुरुस्त केला तो सैल झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले आणि हातांनी चाचपू लागले. हातांना लागले ते शंकराचे रूप. पट्टी काढली तर पुढे विठ्ठल. पुन्हा बांधली तर पुन्हा शंकर.

कीर्तनकार येथे हरिहरांचे ऐक्य सांगतात, आणि ते योग्यच आहे. मी सोनाराचा मुलगा असल्याने माझे लक्ष मापाकडे जाते. या माणसाला देवळात कोणी नेले? पंढरपुरात उपदेश करणारांची वाण नव्हती. वारकऱ्यांनी त्यांना पुष्कळ समजाविले असेल. ते बधले नाहीत. ते गेले ते डाग बसेना म्हणून. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापावर केलेले काम चुकते आहे, आता आपल्या हातांनीच माप घेतले पाहिजे, ही कारागिराची बोचणी त्यांना तेथवर घेऊन गेली. तेथे जे हाती लागले ते त्यांनी नाकारले नाही. आणि डोळ्यांवर पट्टी असताना त्यांना जे कळले ते डोळे उघडे ठेवून नेम पाळताना कळले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या अर्जातील ते छापील वाक्य म्हणजे सावकाराने आणून दिलेले माप आहे, असे मी म्हटले तर मंडळाने रागावू नये.

आता नास्तिकतेचा विचार. 'नास्तिक' हा शब्द आपण आज ईश्वर न मानणारा या अर्थाने वापरतो. जुन्या शास्त्रांत तसे नव्हते. पाणिनीने 'अस्ति' आणि 'नास्ति' या मतींवरून आस्तिक व नास्तिक हे शब्द साधले. टीकाकारांनी त्यांचा संबंध परलोकाशी जोडला. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक म्हटले. ईश्वराचा प्रश्न त्यात आलाच नाही. सांख्यांच्या तत्त्वांत ईश्वराला जागा नाही. मीमांसक कुमारिल भट्टाने जगाचा कर्ता कोणी आहे या मताचे चांगले खंडन केले. आणि ही दोन्ही दर्शने आस्तिक म्हणून मोजली जातात. जैन व बौद्ध हे तप, शील, दया यांत कोणापेक्षा कमी नसता नास्तिक ठरले. म्हणजे आपल्या समाजाने सीमारेषा आखली ती मनातल्या मतावरून नव्हे. ती आखली आचारावरून, आणि मुख्यतः कोणाच्या हातचे पाणी घेता यावरून.

याचे उदाहरण याच शहरातले आहे. आज अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या तोंडी 'नगर' बसले आहे ते जात नाही. नारायण वामन टिळक, कोकणात जन्मलेले कवी आणि पंडित, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. त्यांच्या मतात झालेला पालट एकाएकी नव्हता. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार ते बराच काळ वाचीत होते, विचार करीत होते. तोवर समाजाने त्यांना काही केले नाही. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले त्या दिवशी ते घराला मेले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या, तरी स्वतःचे सोवळे, स्वतःची चूल, स्वतःचे पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. तो वेगळेपणा हळूहळू, भांड्याभांड्याने सुटला. आणि पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की पतीने धर्मतत्त्वे सांगून त्या बदलल्या नाहीत. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना उमगले, तेव्हा त्या हलल्या. पतीची श्रद्धा ग्रंथातून आली, पत्नीची स्वयंपाकघरातून. दोहोंत कोणती खोल, हे ठरविण्यास मी असमर्थ आहे; पण दुसरीचा मला अधिक आदर वाटतो, कारण तिने प्रत्येक पायरी स्वतः चाचपून पाहिली.

ओघात एक कटू गोष्ट बोलतो. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या मंडळाने श्रद्धेच्या वाक्याखाली खोटी सही केली म्हणून एकाही सभासदाचे नाव कमी केले नाही. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या दोन मुलींची नावे मात्र कुटुंबसूचीतून गळाली. सूची छापणारास विचारले, तर 'जागा पुरली नाही' असे उत्तर मिळाले. आपण काय तपासतो आणि काय तपासत नाही, हे यावरून दिसते.

ईश्वर मानणारा आणि न मानणारा एका छपराखाली राहू शकतात काय, अशी शंका मंडळात निघाली होती. ज्यांना शंका असेल त्यांनी आपला भुईकोट किल्ला आठवावा. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेली काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी तेथे जवळजवळ तीन वर्षे स्थानबद्ध होती. अध्यक्ष मौलाना आझाद कुराणाचे भाष्यकार. वारशाने आलेल्या धर्मावर तरुणपणी आपला विश्वास उरला नव्हता, संशयातून नकारापर्यंत जाऊन मग आपण परत आलो, हे त्यांनी याच किल्ल्यात बसून लिहिलेल्या पत्रांत सांगितले आहे. ती पत्रे त्या वेळी टपालात पडली नाहीत. पुढे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांच्या शेजारी आचार्य नरेंद्र देव, समाजवादी आणि बौद्ध दर्शनाचे व्यासंगी. 'बौद्ध धर्म-दर्शन' हा त्यांचा मोठा ग्रंथ १९५६ सालचा. आणि जवाहरलाल नेहरू, ज्यांनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तेथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. विश्वाच्या मुळाशी काही गूढ आहे हे नेहरूंना जाणवे. पण त्याला ईश्वर म्हणणे त्यांना जमले नाही, कारण त्या शब्दाबरोबर येणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यांना पटत नव्हत्या. ते त्यांनी त्या पुस्तकात उघड लिहिले आहे.

एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास वारल्या. त्या आजारी असल्याचे वृत्त किल्ल्यात येत होते. सरकारकडे काही मागणे असल्यास कळवावे, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले असता आझादांनी काहीही मागण्यास नकार दिला. त्यांचा भार कोठे होता ते तेथे दिसले. आणि त्या दिवसांत त्यांना सोबत होती ती ईश्वराविषयी एकमत नसलेल्या माणसांची. एकमत असते तर सांत्वन अधिक झाले असते, असे मला वाटत नाही.

नेहरूंचे आणखी एक सांगतो, कारण ते आपल्या प्रश्नाला चिकटून आहे. १९५४ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी लिहिले, की आपल्या पश्चात कोणतेही धार्मिक विधी होऊ नयेत. ज्यावर विश्वास नाही ते उपचार म्हणून करणे म्हणजे स्वतःला व इतरांना फसविणे होय. त्याच मृत्युपत्रात त्यांनी मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडण्यास सांगितले, आणि यात धर्मभाव नाही, बालपणापासूनचा त्या नदीचा लळा आहे, असा खुलासाही केला. १९६४ मध्ये ते वारले तेव्हा विधी झालेच. घरच्यांना व देशाला ते हवे होते. मृत माणसाच्या शब्दाचे काय झाले, हा प्रश्न राहतोच.

या जिल्ह्यात श्रद्धेविषयी बोलायचे आणि शनिशिंगणापूर टाळायचे, हे भित्रेपणाचे होईल. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, वर छप्पर नाही. आणि गावातील घरांना दारे व कुलपे न लावण्याची परंपरा. बाहेरचे लोक याला चमत्कार म्हणतात किंवा भाबडेपणा. मला त्यात आधी एक सरळपणा दिसतो. येथे श्रद्धा म्हणजे तोंडाने बोललेले वाक्य नाही. प्रत्येक रात्री घर उघडे टाकून निजणे आहे. आपण कितीजण आपल्या मताच्या बळावर एक रात्र तरी कुलूप काढून ठेवू? मात्र ही श्रद्धा केवळ देवावरची आहे काय? दाराजागी मोकळी चौकट ठेवून झोपणारा माणूस शेजाऱ्यावरही भार टाकीत असतो.

२०११ मध्ये तेथे एका बँकेने कुलुपाविना शाखा उघडली म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. त्याच सुमारास चोरीच्या तक्रारीही बाहेर आल्या, आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे झाले. चोरी झाली तर ती गावाच्या शिवेबाहेर झाली असेल, असे कोणी म्हणू लागला, म्हणजे समजावे की आता भार टाकलेला नाही, मत सांभाळणे चालू आहे. वडील म्हणाले असते, तेजाब लावू देत नाही तो डाग तपासलाच पाहिजे.

याच चौथऱ्याची दुसरी हकीकत अधिक शिकविणारी आहे. स्त्रियांना तेथे चढण्यास मनाई होती. तिच्याविरुद्ध २००० साली सत्याग्रह उभारला तो डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत डॉ. श्रीराम लागू होते. लागूंनी तर ईश्वराला आता निवृत्त करा, असेच लिहिले होते. दाभोलकरांची भूमिका निराळी. त्यांची संघटना देव आहे की नाही या वादात पडत नसे, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला विरोध करी. या दोघांनी आपले मतभेद महाराष्ट्रभर व्यासपीठांवर मोकळेपणाने मांडले. असे हे लोक, ज्यांतील एकाला शनीची पूजा निरर्थक वाटत होती, दुसऱ्याच्या पूजेच्या हक्कासाठी उन्हातान्हात बाहेर पडले. आंदोलकांना वाटेतच अडविण्यात आले. पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. २०१६ मध्ये विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने देवस्थानांत प्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचे सांगितले. ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. त्या दिवशी प्रवरासंगमाचे पाणी घेऊन पुरुष प्रथेप्रमाणे चौथऱ्यावर गेले, आणि त्यानंतर देवस्थानाने तो स्त्रियांनाही खुला केला.

श्रद्धावान कोण, हे मी या हकीकतीवरून ठरवू लागलो की माझी यादी गडबडते. दाभोलकरांचा मारेकरी स्वतःला धर्मनिष्ठ समजत असेल. कदाचित छापील वाक्याखाली त्यानेही हसत सही केली असती. याचा अर्थ नास्तिक तेवढे चांगले, असा कोणी काढू नये. शिबिरातून चार वाक्ये पाठ करून येणारे आणि आजीच्या देव्हाऱ्याची टवाळी करणारे तरुणही मला भेटतात. त्यांचा नकार त्यांनी स्वतः मापलेला नसतो. दुसऱ्याने आणलेल्या मापावर घडविलेला करदोटा, तो शैवाचा असो वा वैष्णवाचा, बसत नाही.

आता त्या तरुणाकडे येतो. त्याचे वडील २०१९ मध्ये गेले. दशक्रियेला बसणार नाही, असे त्याने आईला आदल्या दिवशी सांगितले. धाकट्या भावाने विधी केला. हा नदीकाठी उभा होता; भांडी यानेच उचलली, स्वयंपाकाचे पैसे यानेच दिले. ज्ञातीत कुजबुज झाली; मीही त्यात होतो. पुढे २०२१ चा एप्रिल आला. त्या महिन्यात येथील अमरधामात काय स्थिती होती, ते आपणांस सांगायला नको. घरेच्या घरे आजारी, बाहेर पडता येत नाही, आपले माणूस गेले तर राख आणायलाही कोणी नाही. आपल्या ज्ञातीतील निदान सहा घरांच्या अस्थी या मुलाने आणल्या, नावाच्या चिठ्ठ्या लावून आपल्या दुकानाच्या माडीवर सांभाळल्या, आणि प्रत्येक घराला दूरध्वनी करून विचारले, काय करू, कोठे सोडू, कोणता मंत्र म्हणवू? त्यांनी सांगितले तसे प्रवरासंगमी जाऊन, गुरुजी गाठून, सारे यथासांग केले. त्या सहा घरांपैकी एक माझ्या बहिणीचे.

अर्ज हाती आल्यावर मी त्याला बोलाविले आणि स्पष्ट विचारले, 'बापाच्या पिंडाला बसला नाहीस, आणि परक्यांचे मंत्र म्हणविलेस. हे कसे?'

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'गुरुजी, अण्णांचे आणि माझे बोलणे झाले होते. मला पटत नाही हे त्यांना ठाऊक होते. करू नकोस म्हणाले. त्या सहाजणांशी माझे बोलणे झालेले नव्हते. त्यांची ठेव होती. ठेव परत करताना आपले मत कोण विचारतो?'

मी म्हणालो, 'मग अर्जावरही एक शब्द सोडून द्यायचा होतास. काय बिघडले असते?'

तो म्हणाला, 'तेथे मला विचारले होते.'

मी ईश्वर मानतो. रोज सकाळी स्नानानंतर वडिलांच्या कसोटीच्या दगडाला हात जोडतो, आणि ते हात कोणाला जोडले हे मला कोणी खोलात विचारले तर मी गोंधळेन. या मुलाचे मत मला पटत नाही. त्याची सही मात्र मी पाहिली आहे, आणि त्याआधी केलेल्या माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा ती मला अधिक कसाची वाटली.

छापील वाक्य बदलावे की नाही हा वार्षिक सभेचा अधिकार आहे. त्याची सूचना मी रीतसर लेखी देईन. अर्जाला दोन सभासदांच्या सह्या लागतात. तो मी येथे मेजावर ठेवतो. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे, आणि लेखणी शेजारीच आहे.